काचेवर ठेवलेलं घड्याळ

दादाचा फोन चालू होता आणि मी चहात बिस्किट बुडवून उभी होते, एवढंच. स्टुडिओतली दुपारची सुट्टी. दादा नेहमीसारखा बोलत होता, म्हणजे कशावरही: गच्चीवरची टाकी गळतेय, सोसायटीचा सेक्रेटरी अर्धवट आहे, मी वजन कमी केलं पाहिजे. मी हूं हूं करत होते. मग मध्येच फोनपासून तोंड लांब नेऊन तो कुणाला तरी म्हणाला, "इकडे ये." आवाज चढवला नाही. उलट खाली आणला. आणि त्याच्या मागून मला ऐकू आलं: आधी एक बारीक टिक्, मग साखळी मनगटावरून उतरल्याची सुर्रर, मग काचेवर टक्. "ठेवतो गं, नंतर बोलू," दादा म्हणाला आणि फोन बंद. माझं बिस्किट तुटून चहात पडलं. मी ते बुडताना पाहत राहिले आणि चमचा घेऊन काढावं हेही मला सुचलं नाही.

पोटासाठी मी आवाज काढते. तोंडाने नव्हे, ते नट आणि गाणारे काढतात आणि टाळ्या घेतात. सिनेमात माणूस जिना चढतो तेव्हा त्याच्या बुटांचा जो आवाज येतो तो त्याच्या बुटांचा नसतो, माझ्या बुटांचा असतो. शूटिंगच्या वेळी माईक माणसांच्या बोलण्यावर धरलेला असतो. बाकीचं जग नंतर एका बंद खोलीत पडद्याकडे बघत मी भरते. खोलीत वाळूचा एक चौकोन आहे, खडीचा एक, लाकडी फळ्यांचा एक, आणि भिंतीशी भंगारवाला फुकट नेणार नाही असा पसारा: कड्या, कुलुपं, फाटकी छत्री, एका पायाचे बूट. बाईची चप्पल, म्हाताऱ्याची काठी, कुणी रागाने आपटलेलं दार, सगळं मीच. आई एकदा बघायला आली होती. पाच मिनिटं बघून म्हणाली, "याचे पैसे देतात होय? हे तर तू लहानपणी फुकट करायचीस." खरंच करायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की ते कुणाचं आणि कुठल्या मूडचं हे मी सांगायचे, आणि दादा माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचा की खेळ आवरायचा की चालू ठेवायचा. तेव्हा माझे कान कधीच चुकत नाहीत असा माझा दावा नाही. पण या एका आवाजात ते चुकायचे नाहीत.

बाबा मारायच्या आधी घड्याळ काढायचे. रागाने भान सुटून मारणारा बाप वेगळा, त्याचं निदान काहीतरी समजतं तरी. आमचे बाबा व्यवस्थित माणूस होते. सोफ्यावरून उठायचे, शर्टाची बाही नीट दोनदा दुमडायचे, हळू आवाजात "इकडे ये" म्हणायचे आणि टीपॉयपाशी जाऊन मनगटावरचं घड्याळ काचेवर ठेवायचे. स्टीलच्या साखळीचं, भारी, ऑफिसात कौतुक म्हणून मिळालेलं. त्याला धक्का लागू नये म्हणून. घड्याळाची काळजी होती हो त्यांना, मनापासून. झालं की ते परत चढवायचे, काटे बघायचे आणि म्हणायचे, "चला, जेवायची वेळ झाली." आणि आम्ही जेवायचो. दादाचा एक हात उचलत नसेल तर तो दुसऱ्या हाताने जेवायचा. आई या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून उभी असायची, धुवायला एक वाटी नसली तरी. ते टक् झालं आणि पहिला फटका पडला, या दोन्हींच्या मध्ये एक जागा असायची, श्वास घ्यावा एवढी. त्या जागेत दादा मला बेडरूमच्या कपाटात कोंबायचा. "कान झाक," म्हणायचा. आणि बाहेर जाऊन, काच मी फोडलेली असो की शाई मी सांडलेली, छाती काढून सांगायचा, "मी केलं." केवढा होता तो? त्याचा आवाजसुद्धा अजून फुटला नव्हता. मी कान झाकले नाहीत. कपाटात नॅप्थलीनच्या वासात बसून सगळं ऐकलं, कारण मला वाटायचं, तो माझ्या वाटचं खातोय तर निदान ऐकायला तरी कुणी पाहिजे.

तर त्या दादाच्या घरून हा आवाज आला. ज्याने आयुष्यभर घड्याळ घातलं नाही त्याच्या घरून. लग्नात सासऱ्यांनी दिलेलंसुद्धा त्याने कपाटात टाकलं होतं, म्हणाला, मनगटाला खाज सुटते. मागच्या वर्षी बाबा गेले. आवराआवरीत ते घड्याळ निघालं, आणि महिन्याभराने बघते तो दादाच्या हातावर. "चालतंय मस्त," तो म्हणाला, "जुन्या वस्तूंना तोड नाही." मला तेव्हा कसंतरीच झालं होतं, पण मी म्हटलं, असू दे, बापाची आठवण आहे, आपण कशाला नाक मुरडा. डोंबलाची आठवण. दादाच्या घरात "इकडे ये" म्हणण्याजोगं एकच माणूस आहे. आठ वर्षांची त्याची लेक, जिला आम्ही खार म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही आणि खाताना दोन्ही हात तोंडाशी धरते.

सुट्टी संपली. आत गेले. आमचा रेकॉर्डिस्ट, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, काचेपलीकडे बसला होता आणि त्याच्या शेजारी सिनेमाचा दिग्दर्शक. तिशीतला, सडपातळ, इतकं हळू बोलणारा की त्याच्या तोंडापाशी आपणच माईक धरावा. सिनेमा एका पोराच्या लहानपणावर होता. आजचा प्रसंग असा: बाप पोराला कॉलर धरून उभं करतो, हात मागे नेतो, आणि नेमका तेव्हा कॅमेरा खिडकीकडे वळतो. बाहेर समोरच्या इमारतीच्या कठड्यावर कबुतरं बसलेली असतात. ती एकदम उडतात. बस. मार दिसत नाही, ऐकू येत नाही. फक्त पंख. पंखांचा आवाज मी चामड्याच्या जुन्या हातमोज्यांनी काढते, दोन्ही मोजे बोटांच्या टोकाला धरून झटकायचे, पटपट, एकावर एक. सोपं काम. सकाळी दोनदा करूनही झालं होतं. मी मोजे धरले, पडद्यावर बापाने हात मागे नेला, कॅमेरा वळला, कबुतरं उडाली, आणि माझे हात हललेच नाहीत. "ताई?" कानसेन म्हणाला. पुन्हा लावलं. पुन्हा कबुतरं उडाली, गुपचूप, बिनपंखांची. मी मोजे खाली ठेवले.

"हे मी नाही करणार," मी म्हटलं. दिग्दर्शक काचेपलीकडून उठून आत आला. मी म्हटलं, "का रे बाबा, दर वेळी कबुतरं का? कुठलीही गोष्ट घे, कुठलाही सिनेमा. पोराला मार बसला की कुठेतरी दूध उतू जातं, नाहीतर बाहुलीचा हात निखळतो, नाहीतर पतंग कटतो. पोराचं काय होतं ते कुणी दाखवतच नाही. मार खाताना कुणी खिडकीबाहेर बघतं का? मनगट दिसतं समोरचं. मनगटावरचे केस दिसतात. घड्याळाच्या पट्ट्याचा वळ दिसतो, पांढरा." मला वाटलं होतं तो प्रतीक वगैरे म्हणेल. म्हणाला असता तर मी त्याची सालटीच काढणार होते, तोंडावर शब्द तयार होते. तो खडीच्या चौकोनाच्या कडेवर टेकला. पायाने दोन खडे हलवले. मग त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "मी बघायचो, ताई. खिडकीबाहेर. मला आमच्या वडिलांचं तोंडसुद्धा आठवत नाही, कबुतरंच आठवतात. खरं सांगू? अजून मला तिकडे मान वळवता येत नाही. म्हणून कॅमेरा पण वळतो." कानसेन काचेपलीकडे उगाच एक बटण पुसत बसला. मला माझीच लाज वाटली, कारण या पोराने निदान कबूल केलं होतं.

मी काय केलं होतं? पसाऱ्याकडे पाहिलं. कड्या, कुलुपं, एका पायाचे बूट. बाबांना जाऊन वर्ष झालं, माझी नोकरी लागून पंधरा, आणि मी त्या घरातला एक आवाज सोडून जगातले बाकी सगळे काढत बसले होते. ही माझी कबुतरं. थवेच्या थवे उडवले मी, पगार घेऊन. भावाच्या हातावर ते घड्याळ पाहिलं तेव्हा मान दुसरीकडे वळवली आणि वर स्वतःला म्हटलं, आठवण आहे. खार मागच्या वेळी माझ्याकडे आली तेव्हा मी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला आणि ती दोन पावलं मागे सरकली. दिसलं होतं मला. मी म्हटलं, किती चपळ आहे पोरगी! काय बाई मी. मी पर्स उचलली. दिग्दर्शकाला म्हटलं, "तुझी कबुतरं उद्या नक्की उडवते. तुझी आहेत, राहू देत. पण आता मला जायचंय, माझं माणूस अडकलंय." तो काही विचारत बसला नाही. "जा," म्हणाला. एकदाच ते पोर मोठ्याने बोललं.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि बसल्या बसल्या माझी हिंमत गळायला लागली. माणसं घड्याळ काढतात. हात धुवायला काढतात, आंघोळीला काढतात, घाम येतो म्हणून काढतात. "इकडे ये" असं तर मीसुद्धा इस्त्रीवाल्याला म्हणते. आता दादा पोरीला कडेवर घेऊन दार उघडेल आणि विचारेल, "काय गं, अशी अवेळी?" आणि मी काय सांगणार? मला टक् ऐकू आलं? दादा हसेल. दादा हसला की त्याच्या कानामागची खूण हलते, मी सांडलेल्या शाईपायी त्याने खाल्लेल्या माराची खूण. त्या माणसाच्या दारात जाऊन मी त्याचा जाब विचारणार? मी, जी कपाटात बसले होते? सगळं जग एका पारड्यात टाकलं तरी त्याचे उपकार फिटायचे नाहीत आणि मी निघालेय त्याला बाबांच्या रांगेत उभं करायला. पुढच्या सीटपाशी एक माणूस दांड्याला धरून उभ्याने डुलक्या घेत होता. त्याच्या मनगटाकडे मी इतकी टक लावून पाहत होते की तो जागा होऊन बाही खाली ओढू लागला. उतरून परत फिरावं, घरी जावं, फोन करावा, आडून आडून विचारावं: एका थांब्यावर तर मी उठलेही. मग वाटलं, कपाटात मी एवढीच वाट बघायचे. कुणीतरी यावं आणि बेल वाजवावी. चुकून वाजवली तरी चालेल. पत्ता चुकलेल्या माणसाने वाजवली तरी चालेल. मी परत खाली बसले. चुकले तर चुकले, भाऊ चिडेल, महिनाभर बोलणार नाही, मरत नाही मी त्याने.

वहिनीने दार उघडलं. "अगंबाई, तुम्ही! या ना, या, या," एवढे तीन-तीन या माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. तिच्या मागे हॉल. खार जमिनीवर गणिताचं पुस्तक उघडून बसली होती, पाठ ताठ, मांडीवर हात, एका जागी. ती खार एका जागी बसली होती हेच मला पुरे होतं, पण तिने मान वळवली तेव्हा डावा कान दिसला, लाल, आणि कानाखाली गालावर बोटं. टीपॉयवर घड्याळ. दादा सोफ्यावर पेपर वाचत होता. एका बाहीची घडी अजून तशीच वर. मला वाटलं होतं मी थरथरेन. उलट सगळं अंग थंड आणि हलकं झालं, जसं परीक्षेचा पेपर हातात आला की होतं. दार लावायला वहिनीने हात पुढे केला. मी तो धरला. "राहू दे उघडं," मी म्हटलं.

"काय गं, अशी अवेळी?" दादा म्हणाला, अगदी माझ्या मनातलंच वाक्य. मी म्हटलं, "दादा, तू हिला मारलंस."

"हात्तिच्या! त्यासाठी एवढी धावत आलीस?" तो हसला. "एक चापट दिली. खोटं बोलली. पाढे पाठ झाले म्हणाली, विचारले तर त त प प. लाडाने वाया जातात गं ही. तुला पोरंबाळं नाहीत, तुला नाही कळायचं."

"घड्याळ काढून मारलंस."

त्याचं हसू तिथेच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. "मग? बाबांनी नाही मारलं आपल्याला? काय वाईट झालं? घडलोच ना आपण?"

"मी घडले, कारण तू मध्ये उभा राहायचास. तुझ्या आणि पोरीच्या मध्ये कोण उभं आहे, सांग. ही?" वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला टेकली होती आणि पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होती. "पोरीसाठी कोण म्हणणार, मी केलं?"

तो उठला. सोफ्यावरून सरळ उठला आणि त्याचा हात वर आला, माझ्यासाठी. मला त्या क्षणी मनगट दिसलं, केस दिसले, पट्ट्याचा पांढरा वळ दिसला. "मार," मी म्हटलं, आणि माझा आवाज मी मुद्दाम मोठा केला, इतका की जिन्यात घुमला. "मार ना! माझ्या वाटचा राहिलाय तो!" जिन्यात कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, हातात टीव्हीचा रिमोट तसाच. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. "काही नाही, काही नाही," वहिनी जीभ भाजल्यासारखी बोलली.

"झालंय," मी म्हटलं. "हा माझा भाऊ आहे. हा पोरीला मारतो."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. त्यात काही नव्हतं, तीन साधे शब्द होते, भाजी आण म्हणावं तसे. बाईंनी रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दादाकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि खाली मान घालून म्हणाल्या, "माहीत आहे हो. आम्हाला ऐकू येतं. सगळ्यांनाच येतं. म्हटलं, दुसऱ्याच्या घरात कसं पडायचं?"

दादाचा हात अजून वरच होता. तो त्याने खाली आणला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा, आणि मागे सोफा आहे की नाही हे न बघता बसला. सोफा होता, अर्धाच. तो घसरून जमिनीवर आला आणि तसाच राहिला. "ऐकू येतं?" त्याने विचारलं. बाईंनी मान हलवली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज त्या दिवसांतला झाला, फुटायच्या आधीचा. "मला वाटायचं, भिंती जाड आहेत," तो म्हणाला. "मला वाटायचं, आपला आवाज कुणाला जातच नसेल. गेला असता तर कुणीतरी आलं असतं. म्हणजे तेव्हासुद्धा... खालच्या काकांना, वरच्या बाईंना... सगळ्यांना ऐकू येत होतं?"

"हो दादा," मी म्हटलं. "येत होतं."

तो रडायला लागला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, मार खातानासुद्धा नाही. तोंड उघडं टाकून, हात मांडीवर, पोरासारखा. माझ्या आतलं सगळं त्याच्याकडे धावलं. त्याचं डोकं पोटाशी धरावं, त्या कानामागच्या खुणेवर हात ठेवावा, म्हणावं, असू दे रे, असू दे. आणि नेमकं तेच म्हणायचं नव्हतं. खार उठून उभी राहिली होती आणि बापाकडे निघाली होती, त्याचे डोळे पुसायला. आमची जातच अशी. मी तिला मध्येच धरलं आणि उचललं. जड झाली होती.

"बाबा रडतोय," ती म्हणाली.

"रडू दे. मोठा आहे तो, त्याला जमेल. तू आज माझ्याकडे राहणार. उद्यापण." मी दादाकडे न बघता बोलले, कारण बघितलं असतं तर मोडले असते. "दादा, कुणाकडे तरी जा, डॉक्टरकडे जा, जे बोलतं करून आतलं बाहेर काढतात त्यांच्याकडे. मी येते तुझ्याबरोबर, रोज येते. पण ही त्याच्यानंतर परत येईल, आधी नाही." मला वाटलं तो म्हणेल, माझी पोरगी आहे, हात लावून दाखव. तो तसाच जमिनीवर रडत राहिला. वहिनी आत गेली, कपाटाचं दार वाजलं, आणि ती पोरीचे कपडे पिशवीत कोंबत बाहेर आली. पिशवीत तिच्या स्वतःच्याही दोन साड्या होत्या. "मी पण येऊ?" तिने मला विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पायात चपला घातल्या. समोरच्या बाईंनी बाजूला होऊन वाट दिली आणि खालपर्यंत जिन्यातले दिवे लावत आमच्या पुढे चालल्या. मागून दादाचं रडणं ऐकू येत होतं, मजल्यामजल्यावर, आणि प्रत्येक मजल्यावर माझे पाय परत वळायला बघत होते. त्याच्याकडे मी जाणार होते, सकाळीच जाणार होते. आधी पोरगी.